चाफा म्हणजे नेमकं कोणतं झाड?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या दारात सासूबाईंनी लावलेला देवचाफा आहे. यंदा पावसाच्या तोंडावर त्यांनी रोपवाटिकेतून सोनचाफ्याचं कलम आणलं. दुसरीतल्या लेकीने दोन्हीकडे पाहून विचारलं, "आई, यांचं काहीच सारखं नाही. मग दोघंही चाफेच कसे?" त्यावरून ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: चाफा या शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून, आणि इतक्या चाफ्यांत खरा चाफा कोणता.

लेकीचा प्रश्न फार चांगला आहे. मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि गावोगावची झाडांची नावं वहीत उतरवून घेण्याची सवय त्याहूनही जुनी. त्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त पानं कुठल्या एका नावाने अडवली असतील तर ती चाफ्याने. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. चाफा म्हणजे संस्कृतातला चम्पक, आणि चम्पक म्हणजे आपला सोनचाफा. बाकी सगळे चाफे नंतर त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. काहींची त्याच्याशी दूरची भाऊबंदकी आहे, बऱ्याच जणांची अजिबात नाही. नाव पसरलं ते वासाच्या आणि मानाच्या वाटेने. देवाला वाहावं, केसांत माळावं, घरभर दरवळावं असं फूल दिसलं की आपल्या लोकांनी त्याला चाफा म्हटलं आणि पुढे एक विशेषण जोडून वेगळेपणही नोंदवून ठेवलं.

आता शब्द. चम्पकचा चाफा कसा झाला हे पाहायला आपल्या रोजच्या बोलण्यातले चार-दोन शब्द पुरेसे आहेत. संस्कृतातल्या शब्दाच्या शेवटचा 'क' प्राकृतात गळतो आणि मराठीत तिथे 'आ' उरतो. आमलकचा आवळा झाला, बिभीतकचा बेहडा, चणकचा चणा, कण्टकचा काटा, घोटकचा घोडा. तसाच चम्पकचा शेवट 'आ' झाला. दुसरा बदल अनुनासिकाचा. दन्तचा दात, पञ्चचा पाच, कण्टकचा काटा. यांत मधला अनुनासिक विरला आणि त्याच्या बदल्यात आधीचा 'अ' लांबून 'आ' झाला. जुन्या छापील पुस्तकांत तुम्ही 'दांत', 'पांच', 'कांटा' आणि 'चांफा' असं डोक्यावर टिंब दिलेलं पाहिलं असेल. ते टिंब त्या विरलेल्या अनुनासिकाची खूण होतं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अशी न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. कोकणीत मात्र दांत, पांच, कांटो म्हणताना ते नाकातलं हेल अजून ऐकू येतं.

तिसरा बदल मला सगळ्यात आवडतो, कारण तो नियमात नीट बसत नाही. चाफ्यातला 'फ'. बंगालीत चाँपा, गुजरातीत चंपो, हिंदीत चंपा. सगळीकडे 'प' शाबूत. मराठीने मात्र त्याला 'फ' केला. असं मराठीत अधूनमधून घडतं: पनसचा फणस झाला, परशूची फरशी (म्हणजे कुऱ्हाड) झाली. पण तिथे 'प' शब्दाच्या सुरुवातीला आहे, इथे मध्ये. म्हणजे चाफा हा त्या कुटुंबातला जरा वेगळा मुलगा. आणि बदल पूर्ण होण्याआधीची पावलंही भाषेत उमटून राहिली आहेत. चाफेकर आणि चापेकर ही दोन्ही आडनावं आपल्याकडे नांदतात. जेजुरीच्या खंडोबाची मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी ही 'चंपाषष्ठी'च राहिली, तिला कुणी चाफाषष्ठी म्हणत नाही, कारण पोथीतून आलेला शब्द सहसा झिजत नाही. रेवदंड्याला लागून असलेल्या चौलचं एक जुनं नाव चंपावती, त्यातही 'प' तसाच. घरात, अंगणात, बायकांच्या बोलण्यात मात्र तो चाफा झाला, चाफेकळी नाक झालं.

आता अर्थ. इथे बरेच जण निराश होतात, पण खरं सांगायला हवं. कमळाला पंकज म्हटलं की 'चिखलात जन्मलेलं' असा अर्थ उलगडतो. चम्पकचं तसं होत नाही. संस्कृत व्याकरणकारांनी 'चम्प्' म्हणजे जाणे या धातूपासून तो साधून दाखवला आहे, पण जाण्याचा आणि या फुलाचा संबंध जुळवताना फार ओढाताण होते. मला विचाराल तर ती व्युत्पत्ती शब्द आधी हातात असताना मागून बसवलेली आहे. दक्षिणेतल्या भाषांत हेच नाव घट्ट रुजलेलं दिसतं: तमिळमध्ये शेण्पगम, मल्याळममध्ये चेम्पकम, कन्नडमध्ये संपिगे, तेलुगूत संपंगी. बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात संपिगे रोड नावाचा मोठा रस्ता आहे, म्हणजे आपल्या भाषेत चाफा रस्ता. पश्चिम घाटापासून आसामपर्यंत हे झाड या भूमीत रानात वाढतं. इतक्या ओळखीच्या झाडाचं नाव हे त्या झाडाचंच नाव असतं, त्याला दुसरा अर्थ असावाच लागत नाही. आंबा म्हणजे काय? आंबाच.

अर्थ शोधायचा तर तो नावाला चिकटलेल्या जोडशब्दांत सापडतो. अमरकोश या संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात चम्पकाची नावं दिली आहेत ती अशी: चाम्पेय, चम्पक, हेमपुष्पक. हेमपुष्पक म्हणजे सोन्याच्या फुलाचा. आपल्या सोनचाफ्यातलं 'सोन' इतकं जुनं आहे. त्याच्या कळीला तिथे गन्धफली असं वेगळं नाव दिलं आहे. कळीसाठी स्वतंत्र शब्द ठेवावा लागला, यावरून ती किती वापरात असेल याचा अंदाज येतो. चाम्पेय म्हणजे चम्पेत झालेला. चम्पा ही अंग देशाची राजधानी, आजच्या बिहारमधल्या भागलपूरजवळ, गंगेच्या काठी. नगरीवरून झाडाला नाव मिळालं की झाडांवरून नगरीला, यावर पूर्वीपासून दोन्ही बाजूंनी बोललं गेलं आहे. मी झाडाच्या बाजूचा. झाडांवरून गावांना नावं मिळाल्याची उदाहरणं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, वडगाव, पिंपळगाव, चिंचवड. उलटं क्वचितच होतं.

आता ताईंच्या अंगणात येऊ. मी विद्यार्थ्यांना हे पुस्तकातून कधीच शिकवलं नाही. महाविद्यालयाच्या फाटकापाशी देवचाफा होता आणि ग्रंथालयामागे सोनचाफा. पहिल्या आठवड्यात मुलांना दोन्हीकडे न्यायचो आणि एवढंच म्हणायचो की हात लावून बघा, नाव विसरा.

देवचाफ्याचं पान देठापाशी तोडलं की त्याच क्षणी पांढरा, दुधासारखा चीक ठिबकतो. बोटाला चिकट लागतो, वाळला की काळपट डाग पडतो. फांदी जाड, मऊ, बोटाच्या पेरासारखी ठसठशीत. गळलेल्या पानांच्या खुणा तिच्यावर जागोजाग दिसतात. हिवाळ्यात पानं झडून गेली की नुसती बोटं वर करून उभं असल्यासारखं झाड दिसतं. फुलाला पाच पाकळ्या, खाली जोडून नळी झालेली, आणि वर प्रत्येक पाकळी शेजारणीवर किंचित चढलेली, भिरभिऱ्यासारखी. ही सगळी लक्षणं कण्हेरीच्या कुळाची. दारातली कण्हेर, सदाफुली, तगर, अनंतवेल हे देवचाफ्याचे सख्खे सोयरे.

सोनचाफ्याचं पान तोडा. चीक नाही. आता कोवळ्या फांदीवर पानाचा देठ जिथून निघतो तिथे निरखून पाहा. फांदीभोवती बारीक अंगठी घातल्यासारखी पूर्ण गोल रेघ दिसते. कोवळ्या पानाला गुंडाळून ठेवणारं उपपर्ण गळून पडताना ती खूण मागे सोडतं. मॅग्नोलियाच्या कुळाची ही मोहर आहे. एकदा दिसली की माणूस विसरत नाही. आणि फूल? त्यात पाकळ्या कोणत्या आणि बाहेरची निदलं कोणती हे सांगताच येत नाही. सगळ्या एकसारख्या लांबट, पिवळ्या-केशरी, दहा-बारा किंवा त्याहून जास्त, आणि मधोमध एक उभा दांडा. त्या दांड्याच्या खालच्या भागावर पुंकेसर आणि वरच्या भागावर पुढे फळ होणारे छोटे छोटे गाठीसारखे भाग, मळसूत्रासारखे फिरत गेलेले. फूल गळल्यावर तोच दांडा लांबतो, द्राक्षाच्या घोसासारखी फळं लगडतात, उलतात आणि आतून लाल गराच्या बिया डोकावतात. पक्षी त्यांच्यावर तुटून पडतात.

तेव्हा लेकीला सांगा, तिचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. चीक, पान, फूल, फळ, काहीच सारखं नाही. सारखं आहे ते एकच, दोन्हींचा वास माणसाला थांबवतो.

देवचाफा मुळात इथला नाही. त्याचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. युरोपियन जहाजांच्या येण्याजाण्यातून तो आशियात आला. म्हणून संस्कृत काव्यात जिथे जिथे चम्पक येतो तिथे पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळा गळा मनात आणू नका. ते कवी हे झाड पाहूच शकत नव्हते. त्यांचा चम्पक हा सोन्याच्या रंगाचाच. जुन्या काव्यावरच्या लेखांशेजारी देवचाफ्याचं चित्र छापलेलं मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी मनाला टोचलं आहे.

परक्या झाडाला घरात घ्यायची आपली रीत मात्र फार गोड. अमेरिकेतून आलेल्या फळांना आपण सीताफळ आणि रामफळ म्हटलं. या झाडाला देवचाफा म्हटलं. देवळाच्या आवारात, दर्ग्यात, कबरस्तानात, गोव्यातल्या ख्रिस्ती दफनभूमीत, सगळीकडे ते लावलं गेलं. कारण व्यवहाराचंही आहे. फांदी तोडून ठेवली तरी ती कितीतरी दिवस मरत नाही, चार-आठ दिवस सावलीत ठेवून चीक सुकू दिला आणि मग रोवली की मूळ धरते. पाणी घालायला रोज कुणी येत नाही अशा जागी असंच झाड तगतं.

इथे शेजाऱ्यांकडे पाहण्यासारखं आहे. कन्नडमध्ये देवचाफ्याला देवकणगिले म्हणतात, तेलुगूत देवगन्नेरु. कणगिले किंवा गन्नेरु म्हणजे कण्हेर. म्हणजे त्यांनी त्याला 'देवकण्हेर' म्हटलं. त्यांनी चीक पाहिला, पाकळ्यांची ठेवण पाहिली आणि कुळ अचूक ओळखलं. आपण वास घेतला आणि चाफा म्हटलं. एकाच झाडाला दोन शेजारी समाजांनी दोन वेगळ्या इंद्रियांनी नाव दिलं. मला हे शास्त्राच्या कुठल्याही वर्गीकरणाइतकंच मोलाचं वाटतं, कारण त्यात पाहणारा माणूस दिसतो.

पूर्वेकडे गेलात तर नावं आणखी फिरतात. लाओस देशाचं राष्ट्रीय फूल 'दोक चंपा'. दोक म्हणजे फूल. पण ते फूल सोनचाफ्याचं नसून देवचाफ्याचं आहे. आपल्यासारखंच तिथेही जुनं नाव नव्या झाडाने घेतलं. इंडोनेशियात मात्र सोनचाफा चंपाकाच राहिला आणि देवचाफ्याला कंबोजा म्हणू लागले. इंग्रजीतलं फ्रांजिपानी हे नावसुद्धा वासावरूनच पडलं. इटलीतल्या त्या नावाच्या घराण्याशी जोडलेलं एक सुगंधी द्रव्य हातमोज्यांना लावत असत, आणि या फुलाचा वास त्यासारखा वाटला म्हणून तेच नाव फुलाला मिळालं. म्हणजे नाकाचं ऐकणारे आपणच एकटे नव्हतो.

बाकीचे चाफे आता भराभर सांगतो. हिरवा चाफा हा वेल, सीताफळाच्या कुळातला. फुलं पानांइतकी हिरवी, त्यामुळे डोळ्यांना सापडत नाहीत, वासाने माग काढावा लागतो. पिवळी पडत गेली की पिकलेल्या फळाचा वास सुटतो. हा सोनचाफ्याचा दूरचा पण खरा नातलग, कारण सीताफळाचं कुळ आणि मॅग्नोलियाचं कुळ एकाच गणात, म्हणजे कुळांच्या वरच्या गटात, बसतात. कवठी चाफा मॅग्नोलियाच्याच घरचा. भुईचाफा पार वेगळा, आल्या-हळदीच्या कुळातला. वैशाखात जमिनीवर एकही पान नसताना मातीतूनच जांभळट-पांढरी फुलं वर येतात आणि पाऊस पडल्यावर पानं फुटतात. कन्नडमध्येही त्याला नेलसंपिगे म्हणतात, नेल म्हणजे जमीन.

नागचाफ्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. नागचाफा म्हणजे नागकेसर. चार शुभ्र पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा भरगच्च गुच्छ, लोखंडासारखं कठीण लाकूड. श्रीलंकेचा हा राष्ट्रीय वृक्ष. कुळाने तो सोनचाफ्यापासून फार लांब आहे. पण अमरकोश उघडून पाहा: नागकेसराच्या नावांतही 'चाम्पेय' आहे. चम्पकाला चाम्पेय आणि नागकेसरालाही चाम्पेय. म्हणजे एकाचं नाव दुसऱ्या सुगंधी फुलाला द्यायची ही सवय देवचाफा येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासूनची आहे. आपल्या आजी-पणजीने केलेली ती चूक समजू नका. ती जुनी पद्धत आहे.

आताच्या रोपवाटिकांत 'नागचाफा' मागितला तर बहुतेक वेळा तिसरंच झाड हातात पडतं. देवचाफ्याचाच एक अमेरिकेतला भाऊ आहे, पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांचा, बारा महिने फुलणारा. त्याचं पान टोकाकडे रुंद होत जातं, नागाच्या फण्यासारखं, म्हणून त्याला हे नाव मिळालं. फूल सुरेख आहे, पण वास जवळजवळ नाही. नाव ऐकून वासाच्या आशेने नेलेल्यांची तक्रार मी बरीच ऐकली आहे. विकत घेताना पान पाहा: फण्यासारखं पान आणि पांढरा चीक असेल तर ते नागकेसर नव्हे.

उत्तरेत कनकचंपा, दोलनचंपा, सुलतानचंपा अशीही नावं आहेत. आपल्याकडे ती अनुक्रमे मुचकुंद, सोनटक्का आणि उंडी. मराठीने या तिघांना चाफा म्हटलं नाही, स्वतःची नावं राखली.

शास्त्रीय नावांची गोष्ट या प्रश्नात येते, कारण तिचा एक धागा आपल्या किनाऱ्याला बांधलेला आहे. सोनचाफ्याचं आजचं शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका. यातलं चंपाका कुठून आलं? कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 12 खंडांचा प्रचंड ग्रंथ तयार करवून घेतला, 'हॉर्टस मलबारिकस'. तो 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्याच खंडात हे झाड 'चंपकम' या नावाने चित्रासह आहे. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं, कोकणी भाषेतलं प्रशस्तिपत्र त्याच पहिल्या खंडात छापलं आहे, आणि झाडांच्या चित्रांवरही नागरीत कोकणी नावं कोरलेली आहेत. पुढे 1753 मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभरच्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा या झाडासाठी त्याने ऱ्हीडच्या ग्रंथातलं नाव उचललं आणि लिहिलं मिचेलिया चंपाका. मिचेलिया हे फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनियो मिचेली या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मानासाठी. अलीकडे जनुकांच्या अभ्यासातून मिचेलिया आणि मॅग्नोलिया वेगळे ठेवण्यात अर्थ नाही असं दिसलं आणि झाड मॅग्नोलियात गेलं. पहिलं नाव बदललं, दुसरं तसंच राहिलं. चम्पक हा शब्द मलबारातून निघाला आणि जगभरच्या वनस्पती-संग्रहालयांत सोनचाफ्याच्या वाळवलेल्या प्रत्येक फांदीखाली जाऊन बसला.

देवचाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. ते शार्ल प्लुमिये या फ्रेंच साधूच्या नावावरून. हा 1646 साली मार्सेयला जन्मलेला, कॅरिबियन बेटांवर जाऊन वनस्पतींची चित्रं आणि वर्णनं करून आलेला माणूस. आता पुढची गोष्ट ऐका. याच प्लुमियेने 1703 मध्ये अमेरिकेतल्या झाडांवर जे पुस्तक छापलं, त्यात एका झाडाला त्याने माँपेलियेच्या पिएर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ नाव दिलं: मॅग्नोलिया. म्हणजे ज्याच्या नावाने देवचाफा ओळखला जातो, त्यानेच सोनचाफ्याच्या आजच्या घराण्याचं नाव ठेवलं. ताईंच्या अंगणात एकमेकांशेजारी उभी असलेली ही दोन झाडं मराठीत एका नावाने बांधलेली आहेत, आणि लॅटिनमध्ये या एका माणसामुळे.

भुंग्याबद्दल कुणीतरी नक्की विचारणार, म्हणून तेही सांगून टाकतो. चम्पकाला रूप, रंग, वास सगळं आहे पण भुंगा त्याच्याकडे फिरकत नाही, असा जुन्या कवींचा संकेत आहे. हिंदीत त्याचा दोहा घरोघरी म्हणतात. यात निरीक्षण आहे. मॅग्नोलियाच्या कुळातली फुलं मुख्यतः भुंगेऱ्यांसाठी उमलतात, म्हणजे कठीण पंखांच्या छोट्या किड्यांसाठी. हे कुळ फार पुरातन आहे आणि त्याची रीतही तशीच. गुणगुणणारा काळा भ्रमर मधासाठी हिंडतो, त्याला इथे फारसं काही मिळत नाही. देवचाफ्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या त्या लांब नळीत मध नसतोच. रात्री वास सोडून तो मोठ्या पतंगांना बोलावतो, ते सोंड घालून पाहतात, काही न मिळता पुढच्या फुलावर जातात, आणि तेवढ्यात पराग इकडून तिकडे पोचतो.

इतका वेळ मी नाव पसरण्याचं कौतुक केलं. एका जागी मात्र मी हट्टाने सांगतो की नुसतं चाफा म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. ती जागा म्हणजे औषध. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका घरी कुणीतरी सांगितलं की चाफ्याच्या सालीचा काढा तापावर चांगला. सांगणाऱ्याच्या मनात सोनचाफा होता. घेणाऱ्याच्या दारात देवचाफा होता. त्यांनी त्याची साल काढली, उकळली आणि प्यायली. देवचाफ्याची साल आणि चीक जहाल रेचक आहेत. दोन दिवस जुलाबांनी हैराण होऊन दवाखान्यात जावं लागलं. निभावलं, पण म्हाताऱ्या माणसाचं किंवा लहान मुलाचं काय झालं असतं या विचाराने अजून अंगावर काटा येतो. चीक डोळ्यांत गेला तरी आग होते. नागकेसराच्या बाबतीतही बाजारात घोळ आहेच: आपल्याकडे तांबडं नागकेसर म्हणून जे विकतात त्या पुष्कळदा सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या असतात. कोकण-गोव्यात ज्यांच्या दारात सुरंगी आहे त्यांना त्या पाहताक्षणी ओळखू येतील. तेव्हा कुठलाही चाफा पोटात घ्यायचा असेल तर आधी वैद्यांना झाड दाखवा, नाव सांगून भागवू नका.

खरा चाफा कोणता, याचं माझं उत्तर: शब्दाचा मूळ धनी सोनचाफा. पण देवचाफ्याला खोटा म्हणू नका. चार-पाचशे वर्षं आपल्या देवळात उभं राहिलेल्या झाडाने ते नाव कमावलं आहे. 'देव', 'हिरवा', 'भुई', 'कवठी', 'नाग' ही विशेषणं देणाऱ्यांना फरक नीट ठाऊक होता, म्हणून तर त्यांनी ती दिली.

लेकीसाठी एक खेळ सुचवतो. सकाळी दोन्ही झाडांचं एकेक फूल, एकेक पान ताटात घ्या. आधी तिचे डोळे बांधून वास घ्यायला लावा आणि दोन्हींना एकच नाव का पडलं असेल ते तिलाच विचारा. मग डोळे सोडून पाकळ्या मोजायला सांगा, देवचाफ्याचं पान तुम्ही स्वतः तोडून चीक दाखवा आणि हात धुऊन सोनचाफ्याच्या फांदीवरची अंगठी शोधायला लावा. सोनचाफ्याचं फूल नंतर काचेच्या पेल्यात पाणी घालून ठेवा. वसईच्या बागांतून पहाटे दादरला येणारी फुलं ज्यांच्या घरात कधी आली आहेत त्यांना हा पेला ओळखीचा असेल. संध्याकाळपर्यंत पाकळ्यांचा पिवळा रंग तपकिरी व्हायला लागतो, पण वास रेंगाळतो.

आणि ताई, कलम आणलंय म्हणून एक सांगतो. जोडाची जागा मातीत गाडू नका आणि तिच्या खालून फुटणारे कोंब दिसले की लगेच खुडून टाका. ते ज्या रोपावर कलम बांधलं त्या खुंटाचे असतात, वाढू दिले तर वरचं कलम मागे पडतं. झाड उन्हात ठेवा, बुडाशी पाणी साचू देऊ नका. बी लावून केलेल्या झाडाला फुलासाठी बरीच वर्षं वाट पाहावी लागते, कलमाला तेवढी नाही. पहिल्या वर्षी एखाद-दुसरी कळी आली तर ती खुडायचा मोह होईल. ती लेकीला खुडू दे. तिच्याच प्रश्नाने आपण इथवर आलो.